पुढच्या दाराची काच

“बटणाला हात लावू नकोस,” मामांनी लांबूनच ओरडून सांगितलं.

ताईची गाडी कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या त्यांच्या दुकानासमोर उभी होती. पुढच्या डाव्या दाराची काच पांढरीफटक पडली होती, पण जागेवरून हलली नव्हती. आदल्या रात्री रंकाळ्याजवळ गाडी लावलेली असताना कुणीतरी ती फोडायचा जोर केला होता. काचेवर घावांच्या खुणा, मधोमध दोन बोटं जातील एवढं भोक, बाकी सगळी काच आतल्या पापुद्र्याला धरून. सीटवरची लॅपटॉपची बॅग होती तिथेच. अशी काच बटण दाबून खाली घेतली तर तिचे कपचे चॅनेलमध्ये अडकतात, काच वर-खाली करणाऱ्या मशीनची तार तुटते आणि एका कामाची दोन कामं होतात. मामांची घाई त्यासाठी होती.

मामांचं आयुष्य गाड्यांच्या काचांत गेलं. जीप आणि ट्रकच्या सपाट काचा कटरनं कापून बसवण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि आज जिल्हाभरातल्या महागड्या गाड्या त्यांच्याकडे येतात. ताई पुण्यात वाहनांच्या सुरक्षिततेच्या चाचण्यांचं काम करते. गाडी तिची, जर्मन बनावटीची, मोठी एसयूव्ही. काच बदलायची हे उघड होतं. कुठली, कुणी आणि कुणाच्या पैशानं, यावर त्या दोघांचं जे बोलणं झालं ते मी शेजारी बसून ऐकलं. काच फुटलेल्या माणसाला शोरूमचं कोटेशन मिळतं आणि बाजारातला भाव मिळतो, पण त्या दोन आकड्यांच्या मध्ये काय असतं ते कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मामा : उद्या संध्याकाळी काच बसंल. कुर्ल्याच्या माणसाशी बोललोय. नवी आहे, शिक्क्याची, ह्याच मॉडेलची. रात्रीच्या बसनं पार्सल येईल, परवा सकाळी तू पुण्याच्या वाटेला.

ताई : मामा, ती टेम्पर्ड आहे. माझ्या दारात लॅमिनेटेड होती.

मामा : ठाऊक आहे की. खालच्या मॉडेलला कंपनी स्वतः टेम्पर्डच लावती. दार एक, साचा एक. त्या गाडीला चालतं, तर तुझ्या गाडीला का चालू नये?

ताई : कारण त्या गाडीची काच काल रात्री अशी उभी राहिली नसती. पहिल्या घावात खाली आली असती.

तिचं म्हणणं खरं होतं. टेम्पर्ड काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि हवेच्या झोतानं झटकन थंड करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. म्हणून ती साध्या काचेपेक्षा कितीतरी कणखर असते, पण तिचा तो ताण एका जागी मोकळा झाला की सगळी काच एकदम विस्कटते. तुकडे बोथट आणि बारीक व्हावेत हीच अपेक्षा असते. युरोपच्या आर-43 नियमानुसार चाचणीत फोडलेल्या काचेच्या पाच सेंटिमीटरच्या चौकोनात किमान 40 तुकडे मोजावे लागतात. भट्टीतून निघाल्यावर तिला कटर लावता येत नाही, भोक पाडता येत नाही. जे काही कापायचं-घासायचं ते आधी.

लॅमिनेटेड काच म्हणजे दोन पातळ काचा आणि मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून 1903 मध्ये एक चंबू पडला. आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या थरामुळे तो तडकला, पण विखुरला नाही. त्यावरून त्यानं 1909 मध्ये पेटंट घेतलं. आज त्या थराच्या जागी पीव्हीबी नावाचं प्लास्टिक असतं. समोरची काच सगळ्याच गाड्यांत अशी असते. दारांतही ती बसवायची पद्धत महागड्या गाड्यांनी आधी आणली, मुख्यतः बाहेरचा आवाज आत कमी यावा म्हणून. चोराची अडचण हा त्याचा आयता मिळालेला फायदा.

मामा : चोराचं सोड. चोर बॅगेसाठी आला होता. बॅग डिकीत ठेव, चोर येत न्हाई. मला वेगळी भीती आहे. पंचगंगेचं पाणी तू पाह्यलंस का? 2019 ला पाह्यलंस, 2021 ला पाह्यलंस. शिरोळकडं रस्ता कुठं संपतो आन् पाणी कुठं चालू होतं, रात्री कळत न्हाई. गाडी पाण्यात गेली, दार उघडंना, तर माणूस काय करणार? काच फोडणार. ही तुझी काच काल रातच्याला एका धडधाकट माणसाला फुटली न्हाई. ती तुला आतनं, बसल्या जागी, फुटंल?

ताई गप्प झाली. मामांचा हा मुद्दा ऐकीव नव्हता. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत बंद गाड्यांमध्ये माणसं गुदमरून गेली होती. त्यानंतर काच फोडायची हातोडी विकायला ठेवणाऱ्यांपैकी मामा एक. त्यांच्या काउंटरवर ती आजही टांगलेली असते.

ताई : तुमच्या बाजूनं मीच एक सांगते. अमेरिकेत ट्रिपल-ए ही वाहनधारकांची मोठी संघटना आहे. 2019 मध्ये त्यांनी अशी सहा हत्यारं तपासली. टेम्पर्ड काच सहापैकी चारांनी फोडली. लॅमिनेटेड एकानंही नाही.

मामा : मग?

ताई : मग हे की पुढच्या काचा फोडायच्याच नाहीत. माझ्या गाडीत मागच्या दोन्ही दारांच्या काचा टेम्पर्ड आहेत, शिक्क्यावर लिहिलंय. हातोडी मागं ठेवायची आणि बाहेर पडायची वाट मागून, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. आणि त्याच्या आधी, पाणी चाकांवर चढलं की पट्टा सोडायचा आणि काच खाली घ्यायची. सुरुवातीला काचेच्या मोटरी बहुधा चालतात. दाराशी झटापट करण्यात लोक ती वेळ घालवतात. बाहेरच्या पाण्याच्या दाबानं दार उघडत नाही.

मामा : बहुधा म्हणतीस.

ताई : बहुधाच म्हणते. आता माझं ऐका. गाडी पाण्यात जाण्यापेक्षा उलटण्याचे प्रसंग मी कितीतरी जास्त पाहते. गाडी उलटताना पट्टा न लावलेला माणूस बाजूच्या काचेतून बाहेर फेकला जातो, आणि फेकला गेलेला सहसा वाचत नाही. पट्टा लावलेल्याचंही डोकं, हात बाहेर जातात. अमेरिकेनं 2011 मध्ये त्यासाठी वेगळा नियम केला, 226 नंबरचा. कंपन्या तो मुख्यतः पडद्याच्या एअरबॅगनं पाळतात, पण बऱ्याच जणांनी काचही लॅमिनेटेड केली. टेम्पर्ड काच पहिल्या कोलांटीतच नाहीशी होते. मग तिथं भोक उरतं.

मामा : पट्टा लावावा.

ताई : लावावाच. पण मागं बसणारे किती लावतात?

इथे माझं मत सांगतो. दोघांचीही भीती खरी आहे आणि एकच काच दोन्ही भीतींना उत्तर देऊ शकत नाही. जी काच आत धरून ठेवते तीच बाहेर जाऊ देत नाही. ज्याच्या वाटेवर दर पावसाळ्यात पूर येतो, त्यानं चारही दारांना लॅमिनेटेड काचा असलेली गाडी घेताना थांबून विचार करावा. ताईच्या गाडीत पुढे एक आणि मागे दुसरी ही रचना होती, आणि ती मोडायचं काही कारण मला दिसलं नाही. पुढचं एकच दार टेम्पर्ड केलं तर उजवी आणि डावी बाजू वेगळी होते, प्रवाशाच्या कानाशी आवाज वाढतो आणि संकटात कुठली काच फुटेल याचा घरातल्यांचा हिशेब चुकतो. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

मामांनी अजून एक पर्याय काढला. टेम्पर्ड काच घ्यायची आणि तिच्यावर तुकडे धरून ठेवणारी पारदर्शक फिल्म लावायची. ताईनं तो पटकन बाजूला केला. काचेतून बाजूला किमान 50 टक्के आणि समोर-मागे 70 टक्के उजेड गेला पाहिजे हा नियम जुनाच. पण सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये काचेवर नंतर चिकटवलेल्या फिल्मलाच मनाई केली. पुढे नियमांचे शब्द बदलले, केरळ उच्च न्यायालयानं 2024 मध्ये मानकात बसणाऱ्या फिल्मला जागा दिली. तरी रस्त्यात पावती फाडायला उभ्या असलेल्या पोलिसापुढे तो निकाल वाचून दाखवायची तिची तयारी नव्हती.

मग मामांनी कुर्ल्याहून आलेला काचेच्या शिक्क्याचा फोटो ताईपुढे धरला. बाजारातली काच म्हणजे खोटी काच, असा तिचा समज असेल तर तो त्यांना पुसायचा होता.

मामा : बघ. गोलातला ई आहे, 43-आर आहे, आयएसआय आहे, आयएस 2553 आहे. बनवणाऱ्याचं नाव आहे. पुण्याला भोसरीत काच बनती, सगळ्या देशाच्या गाड्यांना जाती. कंपनीच्या खोक्यात घातली की ती कंपनीची, माझ्या दुकानात आली की बाजारची. काच तीच.

ताई : बऱ्याचदा तीच असते, मान्य. पण प्रत्येक वेळी नाही.

मामा : म्हणून तर शिक्का वाचायचा. ज्या काचेला शिक्का न्हाई ती मी दुकानात घेत न्हाई. परदेशातनं भंगारात काढलेल्या गाड्यांच्या काळ्या काचा येतात, त्या पण न्हाई. दिसायला झकास, आपल्याकडं बसवली की दंड.

हे शिक्क्याचं वाचन प्रत्येक गाडीवाल्यानं मामांकडून शिकावं असं आहे. काचेच्या खालच्या कोपऱ्यात ते छापलेलं असतं: बनवणारा कोण, टेम्पर्ड की लॅमिनेटेड, कुठल्या देशाच्या मंजुरीची (ई-1 म्हणजे जर्मनी, ई-2 म्हणजे फ्रान्स), आणि बहुतेक वेळा एक आकडा आणि काही ठिपके, ज्यांवरून काच कुठल्या वर्षी-महिन्यात बनली ते कळतं. जुनी गाडी विकत घेताना मामा आधी सगळ्या काचांचे शिक्के जुळवून पाहतात. एकीचं साल वेगळं निघालं की त्या दाराचा पत्रा आणि रंग नीट तपासतात.

पैशांचा विषय ताईनं काढला. विमा आहे, शोरूममध्ये कॅशलेस होईल, मग बाजारात कशाला जायचं, असं तिचं म्हणणं. आपल्याकडच्या मोटर विम्यात काचेवर घसारा लागत नाही. प्लास्टिक आणि रबराचे भाग 50 टक्क्यांनी कापतात, काचेला ती कात्री नाही. तिच्या गाडीचं इंजिन 1500 सीसीच्या वरचं, त्यामुळे सक्तीची कपात 2000 रुपयांची. म्हणजे दोन हजार आणि किरकोळ क्लिपांचे पैसे देऊन नवी काच.

मामा : नो क्लेम बोनस किती आहे तुझा?

ताई : पस्तीस टक्के. हे वर्ष कोरं गेलं तर पंचेचाळीस.

मामा : आन् क्लेम केलास तर?

ताई : शून्य.

मामांनी काउंटरवरचं पॅड ओढलं आणि मांडून दाखवलं. समजा, सवलतीच्या आधीचा गाडीच्या नुकसानीचा हप्ता 60,000 रुपये आहे. दावा केला नाही तर पुढच्या वर्षी 45 टक्के, म्हणजे 27,000 वाचतात. दावा केला तर काहीच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी एकीकडे 50 टक्के, दुसरीकडे 20; फरक 18,000. मग 50 आणि 25, फरक 15,000. मग 50 आणि 35, फरक 9,000. मग 50 आणि 45, फरक 3,000. बेरीज 72,000. दरवर्षी गाडीची किंमत उतरते तसा हप्ताही उतरतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा याहून कमी भरेल. पण दोन हजारांत काच मिळाली हे म्हणणं टिकत नाही. बोनस राखणारं वेगळं कलम पॉलिसीत जोडलेलं असेल तर गोष्ट निराळी. ताईनं फोनवर पॉलिसी उघडून पाहिली. ते कलम तिनं घेतलेलं नव्हतं. कंपनीच्या लॅमिनेटेड काचेचं कोटेशन मामांच्या बेरजेच्या बरंच खाली होतं, आणि उतरत्या हप्त्याचा हिशेब धरूनही खालीच राहत होतं. दावा करायचा नाही, हे तिथेच ठरलं.

आता उरला खरा प्रश्न, काच बसवणार कोण.

मामा : लॅमिनेटेड पाहिजे, तर लॅमिनेटेड. पंधरा दिवस थांब. पण बसवायला शोरूमला देऊ नकोस. तिथं दार उघडणारा पोरगा दोन वर्षांपूर्वी शिकलेला असतोय. मी क्लिपा मोजून काढतो, मोजून लावतो. दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, त्यात काचेचा चुरा बसला तर पावसाळ्यात दार पाणी धरतं आन् आतनं गंजतं. ती भोकं तार घालून साफ करणारा माणूस दाखव मला. फेल्टमध्ये एक कपचा राहिला तर नव्या काचेला पहिल्या दिवशी रेघ. एवढं बघतो मी.

ताई : तुमच्या हाताबद्दल मला शंकाच नाही. डोअर पॅडच्या मागं जी शीट चिकटवलेली असते, ती तुम्ही परत कशी लावता?

मामा : नीट निघाली तर तीच. चिकटपणा गेला असंल तर काळा पट्टा नवा. फाटली तर प्लास्टिक कापून लावतो. पाणी आत येता कामा नये, एवढंच काम तिचं.

ताई : ह्या गाडीत तेवढंच नाही. पुढच्या दारांच्या आत दाब मोजणारा सेन्सर आहे. बाजूनं दुसरी गाडी आदळली की दाराचा पत्रा आत दबतो आणि दारातली हवा एकदम दाबली जाते. तो दाब ओळखून एअरबॅग उघडायची की नाही हे ठरतं, आणि त्याला मिळणारा वेळ डोळ्याची पापणी लवण्याइतकाही नसतो. ती शीट म्हणजे त्या हवेच्या डब्याचं झाकण. कोपऱ्यात फट राहिली, स्पीकरची चकती नीट बसली नाही, साधं प्लास्टिक लावलं, तर दाब ठरल्यासारखा चढत नाही. एअरबॅग उशिरा उघडेल किंवा उघडणारच नाही. आणि याचा दिवा डॅशबोर्डवर लागत नाही. सेन्सर चांगला असतो, वायर चांगली असते. बिघडलेली असते ती शीट.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं तो प्रश्न मला या सगळ्या चर्चेचा गाभा वाटतो.

मामा : हे मला आजवर कुणी का सांगितलं न्हाई?

ताई : कंपनीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं.

मामा : ते पुस्तक मला कोण देतंय? पार्टचा नंबर विचारायला काउंटरला फोन केला, तर म्हणतात गाडी घेऊन या. स्कॅनर मागितला, तर म्हणतात अधिकृत डीलरलाच. चाकणला मर्सिडीज जोडतात, शेंद्र्याला ऑडी, चिखलीला टाटांच्या कारखान्यात रेंज रोव्हर. सगळं महाराष्ट्रात. आन् कोल्हापुरातल्या माणसाला त्या दाराच्या आत काय आहे हे कळायची सोय न्हाई. मग तू म्हणणार, बाहेर काम करू नका, धोका आहे. धोका मी केला का?

ताईकडे याला उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं 25 ऑगस्ट 2014 ला 14 मोटर कंपन्यांना सुमारे 2545 कोटी रुपयांचा दंड केला होता, तो नेमका याच गोष्टीसाठी: सुटे भाग, तपासणीची साधनं आणि दुरुस्तीची माहिती त्यांनी स्वतंत्र गॅरेजवाल्यांपर्यंत पोहोचू दिली नव्हती. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, असंही त्या आदेशात होतं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठी संकेतस्थळही सुरू केलं. मोटारी त्यात धरलेल्या आहेत. युरोपात तर 2007 च्या नियमापासूनच कंपन्यांवर ही माहिती स्वतंत्र कारागिराला खुली करण्याचं बंधन आहे. कागद बरेच झाले, उद्यमनगरातल्या काउंटरपर्यंत मात्र त्यातलं थोडंच पोहोचलं.

सुरक्षिततेचं कारण पुढे करून कारागिराला बाहेर ठेवायचं, आणि बाहेर ठेवल्यामुळे त्याच्या हातून जे राहून जाईल त्याकडे बोट दाखवून पुन्हा तेच कारण सांगायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. हजारो गाड्यांची दारं मामांसारख्यांच्या हातांनी उघडली जातात आणि उघडली जाणार आहेत. त्या दारांत बसणाऱ्या माणसांचा जीव त्या शीटवर अवलंबून असेल, तर तिच्याबद्दलची दोन पानं गुपित ठेवायचा हक्क कुणाला नसावा.

ताईनं त्या संध्याकाळी एक शोधलं. काही कंपन्या तासाच्या हिशेबानं पैसे घेऊन दुरुस्तीची माहिती इंटरनेटवर उघडतात, आणि तिच्या गाडीची कंपनी त्यांतली निघाली. काच तिनं स्वतःच्या नावानं, आरसीची प्रत आणि चासी नंबर देऊन मागवली. सोबत नवी शीट आणि क्लिपांचा संच. चासी नंबर दिला म्हणूनच काउंटरवाल्यानं आवाज अडवणारी लॅमिनेटेड काच नोंदवली. नुसतं मॉडेलचं नाव सांगितलं असतं तर दोन्हीपैकी कुठलीही आली असती.

तोवर मामांनी फुटलेली काच काढली. आधी बाहेरून रुंद चिकटपट्टी लावून ती एकसंध केली, मग क्लॅम्प सोडवून अख्खी वर ओढून घेतली. जागेवर जाड पारदर्शक प्लास्टिक बसवलं, चिकटपट्टी रंगावर न लावता आतल्या बाजूनं, आणि ताईला पुण्याला जाताना गाडी हळू चालवायला सांगितलं.

काच आल्यावर मामा पुण्याला गेले. ताईच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांडी घालून बसले आणि ताई शेजारी स्टुलावर बसून एकेक पायरी वाचू लागली. मी टॉर्च धरून होतो.

ताई : बॅटरीचं टर्मिनल काढून काही मिनिटं थांबायचं. त्याआधी कुठलाही कपलर काढायचा नाही.

मामा : हे करतोच. इग्निशन चालू ठेवून कपलर काढला की एअरबॅगचा दिवा लागतोय.

ताई : हँडलच्या झाकणामागं दोन स्क्रू. मग पॅड खालून सुरू करून वर.

मामा : वरनं सुरू केलं तर वरची पट्टी तुटती, बरोबर.

पंधरा पायऱ्यांपैकी बहुतेक मामांना पाठ होत्या, काही त्यांच्या पद्धतीपेक्षा वेगळ्या होत्या आणि दोन त्यांना नव्या होत्या. शीट लावण्याआधी दाराचा पत्रा ठरावीक द्रावणानं पुसायचा, आणि ती चिकटवल्यावर रबरी रूळ कडेकडेनं दाबत न्यायचा, कुठेही सुरकुती न ठेवता. रूळ त्यांच्याकडे नव्हता. ताईच्या शेजाऱ्यांकडून वॉलपेपर लावायचा आणला. मामांनी तो एकाच दिशेनं, न थांबता फिरवला, आणि कोपऱ्यात अंगठ्यानं दाबून पुन्हा फिरवला.

काच बसली, पण बटणाच्या एका स्पर्शात पूर्ण वर जाईना. वर जाई आणि परत थोडी खाली येई. हा बिघाड नसतो. बोट किंवा मान सापडू नये म्हणून मोटर काचेचा अडथळा मोजत असते, आणि बॅटरी काढल्यावर आपली वरची हद्द विसरते. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरायचं, मग पूर्ण खाली नेऊन तसंच, की तिला हद्द पुन्हा कळते. पुस्तकात हे होतं आणि मामांनाही माहीत होतं. ताईनं पान उलटायच्या आत त्यांनी ते केलंही.

मग नळी लावून दारावर पाणी सोडलं. पायाजवळचा गालिचा कोरडा राहिला. भाड्यानं आणलेल्या स्कॅनरवर एकही दोष उमटला नाही. मामांनी मागच्या सीटच्या खिशात हातोडी अडकवली आणि ताईच्या मुलाला बोलावून विचारलं की गाडी पाण्यात गेली तर कुठली काच फोडायची. त्यानं पुढची म्हणून सांगितलं. मामांनी त्याला मागच्या दोन्ही काचांचे शिक्के वाचायला लावले आणि हातोडीचं टोक काचेच्या कोपऱ्यात कुठं लावायचं ते दाखवलं, मधोमध नाही.

मामा : तरी मी म्हणतो, पुराच्या गावाला चारही काचा फुटणाऱ्याच पाहिजेत.

ताई : आणि मी म्हणते, हायवेला चारही धरून ठेवणाऱ्या.

मामा : म्हण. ती पानं वाचायचे तासाचे पैसे किती झाले?

तिनं आकडा सांगितला.

मामा : पुढच्या वेळी माझ्या दुकानाच्या नावानं खातं काढ. आन् आज तास शिल्लक असंल तर मागच्या दाराचंही उघड. गुरुवारी साताऱ्याहून अशीच एक गाडी येणार आहे, मागची क्वार्टर काच, ॲन्टेना त्याच काचेत आहे.